अविवाहित सासरे

तुम्ही माझ्या वहिनीला एकाच म्हाताऱ्यापायी दोनदा बुडवलंत. एकदा तो म्हातारा तिचा सासरा नाही म्हणून, आणि लगेच पुढच्या ओळीत तो तिचा सासरा आहे म्हणून. परीक्षा मंडळाच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनो, हे तुम्हीच केलंत, तुमच्याच शिक्क्यानं केलंत. मी लिफ्ट दुरुस्त करते. खड्ड्यात उभं राहून वरच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायचा मला सराव आहे, त्यामुळे आवाज पोचला नाही ही सबब चालणार नाही.

म्हातारा म्हणजे माझे बाबा. वाहतूक पोलीस होते, आता निवृत्त आहेत. पण हात अजून निवृत्त झालेले नाहीत. घरात दोघंजण एकाच वेळी दारातून जायला लागले की बाबांचा एक तळवा आडवा होतो आणि दुसरा हात बोलावतो. आम्ही निमूट थांबतो. भांडून उपयोग नसतो.

वहिनी अपघात विभागात सिस्टर. उभ्यानं जेवणारी, उभ्यानं हसणारी बाई. पेशंट आला की नाडी हिच्या हातात, घाबरलेले नातेवाईक हिच्या गळ्यात, आणि गोळी लिहायला मात्र डॉक्टर यायचे कधी, याची वाट बघत ही दाराकडे तोंड करून उभी. मग नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स निघाला. ज्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "मी नाव घातलंय," त्या दिवशी ते काय असतं हे घरात प्रत्येकाला वेगवेगळं समजलं. दादाला वाटलं, बदली. शेजारच्या काकूंना वाटलं, अर्धी डॉक्टर. बाबांना वाटलं, आता घरबसल्या तपासणी.

"अहो, ऐका तरी," वहिनी म्हणाली. "पेशंट स्वतः तपासायचा, काय झालंय ते ठरवायचं, चाचण्या सांगायच्या, आम्हाला नेमून दिलेली औषधं स्वतःच्या सहीनं लिहायची. आणि आपल्या आवाक्यातलं नसेल तर तिथंच थांबून पुढं पाठवायचं."

"मग डॉक्टर काय करणार?" बाबांनी विचारलं.

"जेवतील बिचारे वेळेवर."

गावाबाहेरच्या वस्तीत वहिनीच्या हॉस्पिटलचा एक छोटा दवाखाना आहे. रंग दिलाय, तपासायचं टेबल आलंय, दाराला कुलूप आहे. डॉक्टर तिकडे जायला तयार नाहीत. नर्स प्रॅक्टिशनर मिळाली की कुलूप निघणार, असं ठरलेलं. वहिनीला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, ती सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन खिडकीतून आत बघून यायची, लग्न ठरलेल्या पोरीनं सासरचं घर लांबून बघावं तशी.

शिकवायला एक मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा एकच प्रश्न: कशावरून? वहिनी म्हणायची, ह्याला न्यूमोनिया असावा. बाई म्हणायच्या, कशावरून? पहिले काही आठवडे वहिनी घरी येऊन चिडायची. "इतकी वर्षं मी बरोबरच सांगत होते की!" मग एक दिवस म्हणाली, "वन्सं, मी अंदाजानं बरोबर होते गं. जिथं चुकत होते तिथं डॉक्टर निस्तरत होते, म्हणून कळत नव्हतं." त्यानंतर तो कशावरून आमच्या घरात घुसला. दादा बेकरीत कामाला आहे. एकदा म्हणाला, आज पाव उरला नाही. वहिनी म्हणाली, कशावरून? दादा बिचारा पिशवी उलटी करून दाखवायला लागला.

आणि सराव! जेवायच्या टेबलावर चादर टाकली की समजायचं, दवाखाना सुरू. दादाला झोपवलं की तो खरंच झोपायचा. फुप्फुसं ऐकायला गेली की घोरणंच ऐकू यायचं. काकूंना ठोकून बघितलं की गुदगुल्या व्हायच्या, आणि त्या हसल्या की टेबल हलायचं, टेबल हललं की मी पाय धरायला खाली, म्हणजे टेबलाचा. माझ्या गुडघ्यावर तिनं तो छोटा हातोडा मारला तेव्हा माझी लाथ तिच्या पोटात बसली. "प्रतिक्षेप उत्तम," असं कळवळत म्हणाली आणि लिहून घेतलं.

पण पेशंट असावा तर बाबांसारखा. त्यांना केस वाचून दाखवायची, की बाबा त्या माणसात शिरायचे. दम्याचा रोगी झाले तर आम्हाला खिडक्या उघडाव्या लागायच्या. "कुठं दुखतं?" म्हटलं की चौकात उभं राहिल्यासारखे दोन्ही हातांनी दिशा दाखवायचे: इकडून येतं, इथं थांबतं, मग डावीकडे वळतं. वहिनीनं आजार चटकन ओळखला तर त्यांना अपमान वाटायचा. मग आणखी एक लक्षण काढायचे. "आणि हो, मला कधी कधी वास येत नाही."

"बाबा, केसमध्ये ते नाहीये."

"केसमध्ये नसेल, मला आहे."

एकदा केस होती गरोदर बाईची. बाबा म्हणाले, चालेल. उशी पोटाला बांधून बसले. वहिनीनं तपासलं, ठरवलं, आणि सरावाच्या कागदावर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी बाबा तो कागद घेऊन औषधाच्या दुकानात! "माझ्या सुनेनं लिहून दिलंय," असं छाती काढून. दुकानदारानं कागद वाचला, बाबांकडे बघितलं, चष्मा पुसला, परत वाचला. "आजोबा, कितवा महिना?" त्या दिवसापासून बाबांना त्या रस्त्यानं जाताना सगळं दुकान तब्येत विचारतं.

हसू येतंय ना? आम्हालाही यायचं. पहिल्या परीक्षेपर्यंत.

तुमची परीक्षा अशी असते: ओळीनं खोल्या. प्रत्येक खोलीत एक नकली पेशंट, म्हणजे धडधाकट माणूस, ज्याला आजार पाठ करायला लावून बसवलेलं असतं. कोपऱ्यात एक परीक्षक. घंटा झाली की आत जायचं, पेशंट तपासायचा, ठरवायचं, औषध लिहायचं; पुन्हा घंटा झाली की पुढची खोली. परीक्षकानं बोलायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा पाडायचा नाही. तुमच्या नियमात परीक्षक म्हणजे कपाट.

पहिल्या वेळी, पहिल्याच खोलीत, वहिनीनं सगळं अचूक ओळखलं. मग काय केलं? वळली, दाराकडे तोंड केलं, हात मागे बांधले आणि डॉक्टर यायची वाट बघत उभी राहिली. सवय! सिस्टरशिवाय जगात कुणी ही चूक करणार नाही. बाकीची वेळ ती तशीच उभी, कपाट तसंच गप्प, आणि नकली पेशंटला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यानं विचारलं, "बाई, कुणी यायचंय का?" तेव्हा तिला आठवलं की ज्यानं यायचं होतं तो माणूस आपणच. घंटा झाली.

त्या गोंधळात पुढच्या खोल्याही गेल्या. तिथं नापास केलंत ते कबूल. निर्णय घेतला नाही, औषध लिहिलं नाही. त्याबद्दल माझं एक अक्षर तक्रारीचं नाही. घरी आल्यावर तिला स्वतःचंच हसू आवरेना. दाराकडे तोंड करून उभं राहण्याची नक्कल तिनं इतक्या वेळा केली की काकूंना उचकी लागली. पण दुसरी संधी ही शेवटची. मग कोर्सच नाही, मग तो दवाखानाही नाही. बाथरूममध्ये नळ सोडून ती बराच वेळ आत होती हेही मी सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगणार नाही.

आता बाबा. बाबांना सरावाची गोडी लागली होती आणि वहिनीचा सराव शेवटाला आला होता. कुणाला न सांगता हे गृहस्थ तुमच्या मंडळाकडे गेले आणि नकली पेशंट म्हणून नाव देऊन आले. त्यांना बोलावणं होतं दुसऱ्या शहरातल्या परीक्षेचं, भलत्याच तारखेचं. त्यात काही वावगं नव्हतं. पण वहिनीच्या परीक्षेच्या सकाळी तुमचा इथला नकली पेशंट खरंच आजारी पडला. पाठदुखीची भूमिका होती, आणि झाली हगवण. तुमच्या माणसानं घाईघाईनं बाबांना फोन केला, ताबडतोब या. यांनी विचारलं नाही कुठली परीक्षा, त्यानं विचारलं नाही घरात कोण नर्स. बाबा आम्हाला "पाय मोकळे करून येतो" म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पाय मोकळे करायला इस्त्रीचा शर्ट! माझं लक्ष होतं वहिनीच्या डब्याकडे.

आत काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि तंतोतंत जुळलं. एरवी त्या दोघांचं पंखा किती वेगानं फिरवायचा यावरही जुळत नाही.

घंटा झाली. वहिनी खोलीत शिरली. टेबलावर बाबा.

"बाबा! तुम्ही इथं काय करताय?"

पण बाबांना बजावून सांगितलं होतं: काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. चौकात दंगल झाली तरी जागा न सोडणारा माणूस तो. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि विव्हळत म्हणाले, "मी ट्रकचालक आहे. वय पंचेचाळीस. अविवाहित. गोणी उचलताना पाठीत चमक भरली."

वहिनी परीक्षकाकडे वळली. "सर, हे माझे सासरे आहेत. मला दुसरा पेशंट द्या."

कपाट गप्प.

"सर, खरंच सांगते. सख्खे सासरे."

"बाई," बाबा टेबलावरून म्हणाले, "अविवाहित माणसाला कुठली सून?"

कपाटाच्या मिशा थरथरल्या म्हणे. पण नियम तो नियम. त्यानं भिंतीकडे बघायला सुरुवात केली. आणि घंटेआधी खोली सोडली तर सगळी परीक्षाच रद्द, हाही नियम तुमचाच. म्हणजे बाहेर जाता येत नाही, आत कुणी ऐकत नाही, आणि टेबलावर सासरे ट्रकचालक झालेले.

मग तिनं काय केलं? तपासलं. शिकवलं होतं तसं, पायरी न गाळता.

"पायाला मुंग्या येतात?"

"नाही."

"लघवीवर ताबा आहे?"

बाबा लाजले. "आहे हो, आहे!"

"दारू?"

कागदावर होतं, अधूनमधून. पण बाबांना ट्रकचालक जरा फिका वाटला असावा. "रोज! पिंपानं!"

"बाबा!"

"ट्रकचालक म्हणून सांगतोय मी."

तिनं आडवं झोपवून एकेक पाय वर उचलून बघितला. पाय वर गेला तसा बाबांचा हातही सवयीनं वर गेला, थांबा अशा खुणेचा. तिनं पाठ दाबून बघितली, बोटं हलवून घेतली, चालवून बघितलं. मग विचारलं, "कुठली गोळी चालू आहे?"

"एकही नाही," कागदावरचं उत्तर बाबांनी खणखणीत दिलं.

इथं वहिनी थांबली. बाबांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आहे, आणि त्याच सकाळी ती गोळी स्वतःच्या हातानं त्यांना देऊन ही परीक्षेला निघाली होती. आणि तुमच्या केसचं बरोबर उत्तर काय? पाठदुखीची ठरलेली गोळी. जी त्या दुसऱ्या गोळीवर पडली तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती.

तिनं पेन खाली ठेवलं.

बाबांना तेवढ्यात समजलं. म्हाताऱ्याचा आवाजच बदलला. भूमिका टाकून, ओठ न हलवता ते पुटपुटले, "पोरी, लिही गं. नुसता कागद आहे. नापास होशील."

"बाबा, लोहाच्या गोळ्यांचा पण नुसता कागदच होता."

बाबांनी कमरेवरचा हात काढला.

मग ती परीक्षकासमोर सरळ उभी राहिली आणि मोठ्यानं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली: "स्नायूचं दुखणं आहे. मज्जातंतूवर दाब असल्याची लक्षणं नाहीत. शेक घ्यायचा, झोपून राहायचं नाही, हलतं राहायचं, आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर लगेच यायचं. औषध मी लिहिणार नाही. हे माझ्या घरचे आहेत. घरच्यांवर आपण उपचार करायचे नाहीत असं मला शिकवलंय. शिवाय यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, मला माहीत आहे, आणि हे ती लपवतायत. म्हणून मी यांना दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवते आहे, या गोळीची कल्पना देऊन. हा माझा निर्णय आहे."

घंटा झाली. बाबांनी टेबलावर बसूनच हात केला आणि तिला पुढच्या खोलीकडे सोडली. मागची उमेदवार दारात आली होती, तिला तळवा दाखवून थांबवलं.

नंतर बाबांनी घाण केली. बाहेर पडताना तुमच्या माणसाला अडवून सांगितलं, "बघितलीत ती? माझी सून आहे! सासऱ्यालासुद्धा गोळी लिहिली नाही!" मिरवायची हौस, दुसरं काय. तिथून बातमी वर गेली.

निकाल आला. बाकी सगळ्या खोल्यांत वहिनी पास, आणि चांगल्या गुणांनी. पाठदुखीच्या खोलीत शून्य: उमेदवारानं पुन्हा निर्णय घेतला नाही, औषध लिहिलं नाही. आणि खाली: नातेवाईक पेशंट म्हणून बसवल्याबद्दल संपूर्ण निकाल रोखून ठेवला आहे.

मी पान्हा खिशात तसाच ठेवून तुमच्या कचेरीत गेले. खिडकीत एक गृहस्थ.

"शून्य का?" मी विचारलं.

"पेशंट ट्रकचालक होता. त्याला औषध चालू नव्हतं. लिहायला हवं होतं."

"अहो, ते तिचे सासरे होते."

"गुण विभागाच्या दृष्टीनं ट्रकचालक. नेमून दिलेली भूमिका हाच पेशंट."

"बरं. मग निकाल का रोखला?"

गृहस्थ उठले, खुर्ची शेजारच्या खिडकीत ओढली, बसले. "पेशंट तिचे सासरे होते. गैरप्रकार."

"आत्ताच तुम्ही म्हणालात ट्रकचालक!"

"ते त्या खिडकीत म्हणालो. हा शिस्त विभाग."

"तिनं आत शिरल्या शिरल्या सांगितलं, हे सासरे आहेत म्हणून."

"परीक्षकांनी नोंद केली आहे की उमेदवार भावनिक झाली."

मला इतकं हसू फुटलं की मी खिडकीचा गज धरला. मागे रांगेतला एक माणूसही हसायला लागला. त्याला काही माहीत नव्हतं, तरी हसला. गृहस्थ म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जरा त्या खिडकीत जाऊन ह्या खिडकीतल्या साहेबांना विचारता का?" ते खरंच अर्धे उठले होते हो! मग बसले आणि खिडकी लावून घेतली.

घरी वेगळीच तऱ्हा. बाबांनी जेवण सोडलं नाही, पण भात परत मागितला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. शेवटी म्हणाले, "सूनबाई, मी लिहून देतो. ही माझी कुणी लागत नाही म्हणून. शपथेवर."

"मग मी कोण?" दादानं विचारलं.

"तू गप रे. अविवाहित माणसाला मुलगा कुठला?"

वहिनी इतकी हसली की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "नको बाबा. तुम्ही खोटं लिहून द्यायचं, मी खोटं लिहून पास व्हायचं, मग वस्तीत जाऊन लोकांना खरं काय सांगणार?" आणि थोड्या वेळानं, हसणं थांबल्यावर, "मी दाराकडे बघत उभी नव्हते राहिले, वन्सं. यावेळी मी ठरवलं होतं. शून्याचं काही नाही गं, पण त्यांनी ते पहिल्यासारखंच आहे असं लिहिलं ना, ते लागलं." उठली आणि भांडी घासायला गेली, आपली पाळी नसताना.

तर आता मला मोठ्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तुम्हाला विचारू द्या, कारण तुमच्याच कोर्समध्ये तो शिकवतात. शून्य, कशावरून? गैरप्रकार, कशावरून? तो माणूस तिचा सासरा असेल तर तिनं औषध न लिहिणं हेच बरोबर उत्तर आहे, आणि त्याला पेशंट म्हणून बसवणारे तुम्ही. त्या खोलीचे पूर्ण गुण द्या. तो ट्रकचालक असेल तर कसला नातेवाईक आणि कसला गैरप्रकार. निकाल सोडा, ते एक शून्य धरूनही बाकीच्या खोल्यांच्या गुणांवर ती पासच आहे. दोन्ही वाटांनी ती पास होते. नापास व्हायला तो माणूस दोन्ही असावा लागतो, एकाच टेबलावर, एकाच शर्टात.

दोन खिडक्यांतून नको. सगळे एका खोलीत बसा, एक काय ते ठरवा आणि खाली सही करा, स्वतःच्या नावाची. दवाखान्याचं कुलूप तसंच आहे आणि वस्तीतली माणसं पोरं काखोटीला मारून तुमच्या कृपेनं अजून शहरापर्यंत येतायत. मी उद्या कामाचे कपडे घालूनच येते आहे, सोबत बाबांना घेऊन. टेबलावर झोपवून हवं तेवढं तपासा. फक्त उत्तर द्या.

कोण होते ते?